प्रार्थना करूनही मी पुन्हा तिथेच पडतो. मग ख्रिस्तातला विजय म्हणजे नेमके काय?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा), डिसेंबर

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी कोरडवाहू कास्तकार आहे. पाच एकर वावर आहे, त्यात कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी. तूर शेंगांवर आल्यापासून रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे रात्रीची जागल चुकत नाही, म्हणून हे मी वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसूनच लिहीत आहे. खाली बॅटरीवरचा भोंगा माझ्याच आवाजात ‘हो हो, हाड हाड’ ओरडतो आहे. पहिले आठ दिवस डुकरे त्याला भ्याली. आता ती त्याच्या खालीच शेंगा खातात.

बाप्तिस्मा घेऊन मला आठ वर्षे झाली. माझा मोठा भाऊ विश्वासात नाही आणि त्याचे वावर माझ्या वावराला लागून आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्याने ट्रॅक्टर लावला तेव्हा धुरा (दोन वावरांमधला बांध) फोडून दोन तासे (नांगराच्या ओळी) माझ्या बाजूने काढली, आणि धुऱ्यावर जे बोरीचे झाड होते ते आता सरळ त्याच्या वावरात गेले आहे. जमीन फार नाही, पण ते झाड दिसले की माझे डोके फिरते. रविवारी उपासनेत मी त्याला मनापासून क्षमा करतो, रडतोसुद्धा, आणि सोमवारी सकाळी वावरात पाय ठेवला की ती क्षमा कुठे जाते ते मला कळत नाही.

आमच्या मंडळीत बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी सांगितले की माझ्या वावरावर भांडणाचा आत्मा बसलेला आहे, म्हणून तीन दिवस उपास करावा, प्रार्थना केलेले तेल चारही कोपऱ्यांवर ओतावे आणि मोठ्या आवाजात सैतानाला निघून जाण्याची आज्ञा द्यावी. मी सगळे केले. शेवटच्या कोपऱ्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडावर, तेल ओतायला वाकलो तर तिथे शेंदूर लावलेले कापलेले लिंबू पडलेले होते. भाऊ कुण्या भगताकडे जाऊन आला असावा. एकाच दगडावर त्याचे लिंबू होते आणि माझे तेल होते, आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला दोन्हींत फरक सांगता येईना.

त्यानंतर आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी त्याचा बैल माझ्या तुरीत शिरला आणि मी बंडीची उभारी (बाजूचा लाकडी दांडा) उपसून भावावर धावलो. पत्नीने हात धरला म्हणून अनर्थ टळला. तो जाताना एवढेच म्हणाला, “तुह्या देवानं तुले हे शिकवलं का?” त्याला उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि आजही नाही.

पत्नीचीही प्रकृती दिवाळीपासून बरी नाही. तिची छाती धडधडते, रात्र रात्र झोप लागत नाही. त्याच उपदेशकांचे म्हणणे आहे की हेही त्याच आत्म्याचे काम आहे आणि गोळ्या घेणे हा अविश्वास ठरेल.

माझा प्रश्न असा आहे की ख्रिस्ताने सैतानावर जय मिळवला आहे हे जर खरे असेल, तर मी प्रत्येक वेळी हरतो कसा? माझे तेल कमी पडले, उपास कमी पडला, की मी ही लढाईच चुकीच्या ठिकाणी लढत आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जागृत सेवक

भाऊ, तीन दिवसांच्या उपासाने असले आत्मे निघत नाहीत, एकवीस दिवस करा. आणि कोपऱ्यांवर तेल ओतताना मनात शंका आली असेल तर ते सगळे वाया जाते, हे लक्षात ठेवा. तुमची शंका हेच तुमच्या पराभवाचे कारण आहे.

निवृत्त पाळक (अमरावती जिल्हा)

प्रिय भाऊ, सलाम. वरचे उत्तर वाचून मला वाईट वाटले, कारण आधीच दमलेल्या माणसाच्या खांद्यावर त्याने आणखी एक पोते ठेवले आहे. तुमच्या शंकेला मी पराभव म्हणणार नाही. हद्दीच्या दगडावर लिंबू आणि तेल शेजारी शेजारी पाहून तुम्हाला जे वाटले, ते मला पवित्र आत्म्याने दिलेल्या समजुतीसारखे वाटते. अमुक वस्तू अमुक ठिकाणी ठेवली, अमुक शब्द अमुक आवाजात उच्चारले म्हणजे अदृश्य शक्ती आपल्या म्हणण्यात येते, ही समजूत भगताची आहे. तीच समजूत येशूचे नाव घेऊन बाळगली म्हणून ती ख्रिस्ती होत नाही.

आत्मिक युद्धाविषयी आपण सारे प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचतो, पण ते पत्र ज्या गावाशी जोडलेले आहे त्याची गोष्ट प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, ती फारसे कोणी सोबत वाचत नाही. इफिस हे जादूटोण्याने भरलेले शहर होते. तिथे विश्वासात आलेल्या लोकांनी आपली मंत्रतंत्राची पुस्तके सर्वांसमोर आणून जाळली आणि त्यांची किंमत मोजली तेव्हा ती चांदीची पन्नास हजार नाणी भरली. त्याच अध्यायात स्कीवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांची हकिकत आहे. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूचे नाव वापरून भुते काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा दुष्ट आत्म्याने त्यांना विचारले की येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? आणि ते उघडेनागडे, घायाळ होऊन त्या घरातून पळाले. शब्द बरोबर होते, आवाजही मोठाच असेल, पण त्या नावाशी त्यांचे नातेच नव्हते. भाऊ, तुमच्या माळ्याखालचा भोंगा वाचून मला तेच आठवले. आवाज मालकाचा आहे, पण मालक तिथे नाही, हे डुकराला आठ दिवसांत कळते. तुम्ही विश्वासणारे आहात, स्कीवाच्या मुलांत तुमची गणना मी करत नाही; पण प्रार्थनेचा भोंगा करून ठेवण्याचा मोह आपल्या साऱ्यांनाच होतो, मलाही झालेला आहे.

आता मंत्रांची पुस्तके जाळून आलेल्या या लोकांना पौल नवा मंत्र देतो का? एकही नाही. सहा अध्यायांच्या पत्रातले पहिले तीन अध्याय तो केवळ देवाने काय करून ठेवले आहे ते सांगण्यात घालवतो: ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवून सर्व सत्ता आणि अधिकार यांच्या वर बसवले, आणि आपल्यालाही त्याच्याबरोबर बसवले. लढाईचा विषय थेट शेवटी येतो, आणि तिथेही अकरा ते चौदा या वचनांत चढाई करा, जिंकून घ्या अशी भाषा नसून टिकाव धरा, उभे राहा असेच पुन्हा पुन्हा म्हटले आहे. यवतमाळचे सेमिनरी (पाळकांना शिक्षण देणारी संस्था) १९८३ मध्ये पुण्याला गेले, त्याच्या आधी मी तिथे शिकत होतो. ‘प्रभूमध्ये बलवान व्हा’ या शब्दांवर आमचे एक प्राध्यापक दोन तास बोलले होते. त्यांचे म्हणणे असे की मूळ ग्रीक क्रियापदाचा भाव ‘बळ कमवा’ यापेक्षा ‘तुम्हांला बळ दिले जाऊ द्या’ याच्या अधिक जवळचा आहे. त्या वयात मला तो शब्दांचा किस पाडणे वाटले होते. चाळीस वर्षे मंडळ्या सांभाळल्यावर आता वाटते की सगळा फरक तिथेच आहे.

शस्त्रसामग्रीचेही तसेच आहे. नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण हे पौलाने प्रथम योजलेले शब्द नाहीत. यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात कोणी सोडवणारा नाही हे पाहून परमेश्वर स्वतः ते अंगावर चढवतो. म्हणजे जे परमेश्वराने घातलेले आहे तेच आपल्याला घालायला दिले आहे. आपण आपल्या उपासाच्या आणि अश्रूंच्या ऐरणीवर ते घडवायचे नाही.

तुमच्या भागातले उदाहरण द्यायचे तर, वावराचा सातबारा वारसाहक्काने तुमच्या नावावर चढलेला असताना तुम्ही रोज सकाळी उठून ते वावर नव्याने जिंकत नाही. तुम्ही वहिवाट ठेवता आणि कोणी अतिक्रमण केले तर हक्काने उभे राहता. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे पंधरावे वचन वाचा. सत्ताधीशांना आणि अधिकाऱ्यांना नाडून त्यांचे उघड प्रदर्शन वधस्तंभावरच झालेले आहे. तो निकाल तुमच्या सोमवारच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही.

मात्र एक गोष्ट तुम्हाला टोचेल ती सांगतो. सहाव्या अध्यायाआधी चौथा अध्याय येतो, आणि त्याच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वचनांत पौल म्हणतो की तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, आणि सैतानाला वाव देऊ नका. ‘वाव’ या ठिकाणी मुळात जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ जागा असा आहे. भाऊ, तीन वर्षे तुम्ही दोन तासांच्या जागेसाठी भावाशी झुंजत आहात, आणि त्या तीन वर्षांत तुमच्या मनातली किती जागा तुम्ही दुसऱ्याच कोणाला कसायला दिली, याची मोजणी तुम्ही केली आहे का? चार कोपऱ्यांवर तेल ओतून सैतान वावरातून जात नाही, कारण तो वावरात बसलेलाच नव्हता. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही असे बाराव्या वचनात आहे. उभारी उचललीत तेव्हा तुम्ही रक्तमांसावरच उचलली, आणि खरा शत्रू बाजूला उभा राहून पाहत राहिला.

तुम्ही हरता कसे, याचे उत्तर मी प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहून देतो. सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, असे प्रभूने त्याला सांगितले होते. तू पडणार नाहीस असे काही प्रभू त्याला म्हणाला नाही. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, असे म्हणाला. त्याच रात्री गेथशेमाने बागेत जागे राहून प्रार्थना करायला सांगितले असता पेत्र झोपला, आणि जागा झाल्यावर त्याने तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला. ज्याने जागल केली नाही त्याने उभारी उचलली, असे तुमच्या भाषेत म्हणता येईल. आणि याच पेत्राने उतारवयात लिहिले की सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे. ते वचन आपल्या सर्वांना पाठ असते, पण त्याच्या अगदी आधीचे वचन म्हणजे ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ हे. पेत्राच्या शब्दांत जागल आहे, पण ती जागल करणाऱ्याच्या डोक्यावर चिंतेचे गाठोडे नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. त्यात अविश्वास काहीही नाही. आणि भावाकडे एकटे जाऊ नका. विश्वासाची ढाल म्हणून पौल ज्या ढालीचे नाव घेतो ती दारासारखी उंच रोमी ढाल आहे. त्या ढाली घेऊन शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि पौलाची सारी आज्ञा अनेकवचनात, संपूर्ण मंडळीला आहे. तुम्ही आतापर्यंत माळ्यावर एकटेच लढत आहात.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

पाळकसाहेबांनी वचनाचे सांगितले आहे, मी पत्नीच्या प्रकृतीविषयी लिहिते, कारण तो भाग मागे पडू नये असे मला वाटते.

दादा, छातीत धडधड आणि झोप न लागणे यांची कारणे रक्तक्षय, थायरॉइड, रक्तदाब यांपासून मनावरच्या ताणापर्यंत अनेक असू शकतात, आणि नवऱ्याच्या हातातली उभारी धरावी लागलेल्या बाईला झोप लागत नसेल तर त्यासाठी आत्मा शोधत बसण्याचीही गरज नाही. वहिनींना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, रक्त तपासा. मनावरचा ताण असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर बोलायला पैसे लागत नाहीत, आणि तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

गोळी घेणे म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात कुठे आहे ते त्या उपदेशकांना विचारा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घे असे लिहिले, तुझ्या पोटात आत्मा शिरला आहे असे नाही. आपल्या विदर्भात शुभवर्तमान घेऊन आलेल्या मिशनऱ्यांनी वाशिमला, उमरीला, कोठाऱ्याला दवाखाने काढले; प्रार्थना आणि औषध यांच्यात वैर आहे असे त्यांना वाटले असते तर त्यांनी नुसती प्रार्थनागृहेच बांधली असती.

हे मी रागाने लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या नणंदेला फेफऱ्याचा त्रास होता आणि गोळ्यांनी तो आटोक्यात होता. एका प्रार्थना गटाने तिला सांगितले की आता तू मुक्त झाली आहेस, गोळ्या सोडून दे. सोळाव्या दिवशी स्वयंपाक करताना तिला झटका आला आणि ती चुलीवर पडली. तिचा उजवा हात आजही कोपरापासून सरळ होत नाही. ती आजही विश्वासात आहे, दर रविवारी उपासनेला जाते, आणि गोळ्याही घेते.

एक माहिती म्हणून सांगते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तिथे भगताला एक आणि उपदेशकाला दुसरा असा नियम नाही. तुमच्याकडे असे काही झालेले नाही हे मला ठाऊक आहे, पण ‘आत्मा निघत नाही’ असे दोनदा-तीनदा झाले की पुढची पायरी बहुतेक वेळा तीच असते, हे मी कामावर पाहिलेले आहे.

मेळघाटातला सुवार्तिक

वरची सर्व उत्तरे वाचली आणि बऱ्याच गोष्टी पटल्या, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी कोरकू घरातला आहे. आमच्या गावात मूल आजारी पडले की आधी पडियाराकडे, म्हणजे आमच्या भगताकडे, नेतात, दवाखाना त्यानंतर. शहरातल्या मंडळ्यांमध्ये सैतानाविषयी असे बोलले जाते की जणू तो आपल्या रागाला दिलेले एक टोपणनाव आहे. आमच्याकडे तसे बोलून भागत नाही. भीती खरी असते, रात्री ती अंगणात येऊन बसते, आणि जो ख्रिस्त त्या भीतीपेक्षा मोठा नाही त्याचा आमच्या लोकांना काही उपयोग नाही. म्हणून दुष्ट आत्मे नाहीतच असा अर्थ कोणी या चर्चेतून काढू नये, एवढी विनंती आहे.

पण तेलाच्या बाबतीत मी पाळकसाहेबांच्या बाजूचा आहे, आणि तेही अनुभवाने. आमच्याकडे काही घरांनी ताईत तोडले आणि त्या जागी तेलाची बाटली टांगली. एका वर्षाने पाहिले तर भीती जशीच्या तशी होती, फक्त तिला नवीन खुंटी मिळाली होती. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने झाडून-सुशोभित केलेल्या रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. निघालेला आत्मा परत येतो, घर रिकामे पाहतो आणि आपल्याहून वाईट असे सात सोबत आणतो. घर रिकामे होते, हाच त्या घरातला दोष होता. आत कोणी राहत असता तर दारावर काय टांगले आहे याला महत्त्व उरले नसते. आणि प्रभूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत येऊन भुतेही आम्हाला वश होतात असे म्हणाले, तेव्हा प्रभूने त्यांना सांगितले की त्याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा माना.

पाळकसाहेब, सातबाऱ्याचे उदाहरण मात्र मला पूर्ण पटले नाही. एक तर सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, हे वनजमिनीच्या दाव्यांमध्ये आम्ही फार महाग शिकलो आहोत. दुसरे असे की विजयाचा सातबारा आपल्या नावावर आहे असे मानले की माणूस पुन्हा आपल्याच हक्काने बोलू लागतो, सैतानाला दम देऊ लागतो. मालक ख्रिस्त आहे, आपण त्याच्या वावरातले सालदार, म्हणजे सालाने ठेवलेले गडी. चोर आला तर सालदाराने मालकाला हाक मारायची असते.

निवृत्त पाळक (अमरावती जिल्हा)

भाऊ, तुमची दुरुस्ती मान्य आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात ‘माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हाला काही करता येत नाही’ असे आहे, आणि माझ्या उदाहरणात ते वचन बसत नव्हते. सालदाराचे उदाहरण मी पुढच्या उपदेशात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो. फक्त आमच्याकडचे सालदार गुढीपाडव्याला मालक बदलतात, तेवढे सांभाळून वापरीन.

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा), एप्रिल

सर्वांना सलाम. चार महिने काही लिहिले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. काकाजी, ताई आणि मेळघाटचे भाऊ, तुमची उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली. ताईंचे उत्तर तिने पुन्हा एकदा वाचायला लावले.

आधी तिचे सांगतो. तपासणीत तिच्या अंगात रक्त फार कमी निघाले. गोळ्या सुरू आहेत, धडधड बरीच कमी आहे. झोप अजून नीट नाही. तिने मला सांगितले की धडधड सुरू झाली ती मी भावाविषयी रात्री एकटाच मोठ्याने बोलू लागलो तेव्हापासून, आणि हे तिने याआधी सांगितले नाही कारण तिला वाटले मी प्रार्थना करत आहे.

भावाकडे गेलो होतो. आमचे पाळक आणि मंडळीतले एक वयस्क काका सोबत होते. जाण्याआधी आम्ही तिघांनी धुऱ्यावर उभे राहून प्रार्थना केली, आणि मोठ्या आवाजात काहीच बोललो नाही. मी सोबत भाषण तयार करून नेले होते, पण भाऊ बोरीखाली बसून बैलाच्या खुराला लागलेला खडा काढत होता आणि त्याला एका हाताने खूर धरवत नव्हता, म्हणून मी आधी खाली बसून खूर धरला. खडा निघाल्यावर म्हणालो, “दादा, मी उभारी उचलली ते माझं चुकलं.” क्षमा कर असे म्हणायचे होते, ते घशातून निघाले नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, मोजणीचा अर्ज मागे घेणार आहेस का. मी नाही म्हणालो. तो हसला, आणि कोणत्या अर्थाने हसला ते मला अजून कळलेले नाही.

राग गेला असे मी लिहिणार नाही. बोरीचे झाड दिसते तेव्हा तो अजून येतो. पूर्वी मी त्याला आज्ञा देत बसायचो, आता तिथल्या तिथे थांबून ‘प्रभू, हे तुझे वावर आहे, तू ये’ एवढेच म्हणतो आणि कामाला लागतो. काही दिवस तेवढ्याने पुरते. काही दिवस दहा वेळा म्हणावे लागते. फेब्रुवारीत एकदा पुरले नाही. मी त्याच्या पोराला ओरडलो, पण त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याच्या घरी जाऊन आलो. सुरुवातीलाच इतके लाजिरवाणे वाटले असते तर तीन वर्षे वाचली असती.

दगडावर मागच्या अमावास्येला पुन्हा लिंबू होते. मी त्याला हात लावला नाही आणि शेजारी काही ठेवलेही नाही.

आता एक गोष्ट राहिली आहे, ती तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाले आहे आणि मोजणीची तारीख पुढच्या मंगळवारची लागली आहे. गेले आठ दिवस मला आठवते आहे की बाबा गेल्यावर, भाऊ मजुरीला बाहेरगावी होता त्या वर्षी, वखरताना मीही धुऱ्याचे एक तास घेतले होते. हे मी इतक्या वर्षांत कोणालाच सांगितले नाही, प्रार्थनेतही नाही. मोजणीत हद्द माझ्याच बाजूला सरकली तर भावासमोर काय बोलावे? आणि सरकली नाही, तरी हे सांगावे का? त्या दिवशी मला प्रार्थनेत आठवा.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

दादा, ते मोजणीच्या आधी सांगा. नंतर सांगितले तर ते कबुलीसारखे ऐकू येणार नाही. वहिनींच्या रक्ताच्या गोळ्या सुरूच राहू द्या, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासून घ्या.

निवृत्त पाळक (अमरावती जिल्हा)

सोमवारी संध्याकाळी सांगा. तुमचे पाळक सोबत असू द्या. मी सोमवारी दुपारपर्यंत पोहोचू शकतो. यवतमाळहून तुमच्या गावाला एसटी किती वाजता आहे आणि फाट्यापासून किती चालावे लागते ते कळवा, माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत.